आजोबांचे दोन पाइप, एकच तंबाखू: चव वेगळी का लागते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोदीत नोकरीला असलेल्या आजोबांचे दोन पाइप कपाटात सापडले, दोन्ही ब्रायर लाकडाचे. एक उंच आणि अरुंद, बाऊलचा, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीचा, आतला व्यास 17 मिलिमीटर. दुसरा बुटका, रुंद, 23 मिलिमीटर. एकाच डब्यातली व्हर्जिनिया जातीची तंबाखू दोन्हींत भरली, तर अरुंद पाइपमध्ये ती गोडसर लागते आणि रुंद पाइपमध्ये कडवट, वर जीभ चुरचुरते. मित्र म्हणतो, मीरशॉम या खनिजाचा पाइप घे, चव सुधारेल. फरक लाकडाचा की मापाचा, आणि मीरशॉमवर पैसे घालावेत का?

मीरशॉम आत्ता घेऊ नका. दोन्ही पाइप एकाच जातीच्या लाकडाचे असून चव वेगळी लागतेय, म्हणजे लाकडाकडे बोट दाखवायला फारशी जागा उरत नाही. गिरगावात 27 वर्षं मी जुने पाइप दुरुस्त करतोय. या काळात चवीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी एकाच क्रमाने तपासायला सांगत आलोय: आधी तंबाखूची ओल, मग झुरक्याचा वेग, मग बाऊलचं माप आणि धूर जाण्याचं भोक, आणि सगळ्यात शेवटी पाइप कशाचा आहे ते. लोक नेमके उलटे जातात, कारण पाइप विकत घेता येतो आणि झुरक्याचा वेग विकत मिळत नाही.

हा क्रम का, ते कळायला पाइपच्या आत काय चालतं ते बघू. वरचा थर जळतो. त्याखालचा जळत नाही, नुसता तापतो. वरचा गरम धूर या न जळलेल्या तंबाखूतून खाली ओढला जातो तेव्हा तिच्यातले सुवासिक, तेलकट अंश वाफ होऊन धुरात मिसळतात. आपल्याला जी चव आवडते ती बरीचशी या तापलेल्या थराची असते. फोडणी आठवा. तेल बेताचं तापलं की हिंगाचा वास घरभर दरवळतो. तेच तेल धुरावलं की हिंग करपतो आणि आमटी कडू होते. हिंग तोच, तेल तेच, मोहरीही तीच. पाइपमध्ये विस्तव किती मोठा आणि किती कडक, यावर खालची तंबाखू नुसती तापणार की करपणार हे ठरतं. त्यात जळताना पाण्याची वाफ होते, ती खालच्या थंड थरात आणि पाइपच्या मानेत गार होऊन पुन्हा पाणी होते. म्हणून शेवटचा एक तृतीयांश भाग नेहमी ओलसर आणि उग्र लागतो.

आता तुमची मापं घेऊ. 17 मिलिमीटर व्यासाच्या बाऊलमध्ये जळणारा पृष्ठभाग 227 चौरस मिलिमीटर होतो, 23 मध्ये 415. व्यास सहा मिलिमीटरने वाढला आणि विस्तव जवळजवळ दुप्पट झाला. सर्वसाधारण पाइप 19 ते 20 मिलिमीटर व्यासाचा आणि 35 ते 40 मिलिमीटर खोल असतो, तेव्हा तुमचे दोन्ही दोन टोकांचे आहेत. रुंद बाऊलमध्ये पृष्ठभाग सगळीकडून सारखा पेटता ठेवणं नवख्या हाताला जमत नाही. मध्ये विस्तव राहतो, कडेची तंबाखू विझते. मग माणूस जोरात ओढतो, मधला विस्तव खाली खोल जातो, तरीही कड विझलेलीच. मग परत काडी. काडी लावताना दर वेळी ज्योत वरच्या थरावर ओढली जाते आणि तो थर जळून कोळसा होतो. तुम्ही लिहिलंय की रुंद पाइपला एका बैठकीत आठ-दहा काड्या लागल्या. तुमचा कडवटपणा तिथे आहे.

जिभेच्या चुरचुरीला तंबाखूही जबाबदार आहे. गरम हवेच्या भट्टीत वाळवलेल्या व्हर्जिनियात साखर भरपूर उरते. आपल्या आंध्रात आणि कर्नाटकात पिकणारी सिगारेटची तंबाखू याच पद्धतीने वाळवतात. ती सावकाश जळली तर गोड, घाईने जळली तर झोंबणारी. अरुंद बाऊलमध्ये विस्तव लहान राहतो, छोट्या झुरक्यावर जिवंत राहतो, म्हणून ती तिथे गोड लागली. बर्ली जातीच्या पानात साखर नगण्य असते, ती मापाच्या बाबतीत इतकी हट्टी नाही. लटाकियाचं गणित निराळं. हे पान धुरावर धरून वाळवतात, त्यामुळे त्याला लाकूड जळाल्याचा उग्र वास असतो, आणि ते बहुधा चार-पाच जातींच्या मिश्रणातच येतं. अशा मिश्रणाला रुंद बाऊल मानवतो, कारण मोठ्या पृष्ठभागावर सगळ्या जातींची पानं एकाच वेळी जळतात. अरुंद बाऊलमध्ये कधी नुसता लटाकियाच पेटतो, कधी नुसती व्हर्जिनिया, आणि मिश्रण करणाऱ्याची मेहनत वाया जाते. आजोबांनी रुंद पाइप बहुतेक अशाच मिश्रणासाठी वापरला असावा. बाऊलमध्ये नाक घालून बघा. इतक्या वर्षांनीही होळी विझल्यावर दुसऱ्या सकाळी येतो तसा वास आला, तर खात्री धरा.

मापाचा धडा मी एका चुकीतून शिकलो. धंद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक निवृत्त चीफ इंजिनिअर पाइप घेऊन आले होते, जहाजावर असताना 20 वर्षं ओढलेला. आत काजळीचा जाड थर बसला होता, ज्याला आम्ही केक म्हणतो. मी सुरीने खरवडायला बसलो आणि काजळी संपून लाकूड लागलं ते मला कळलंच नाही. पाइप चकचकीत करून दिला. आठ दिवसांनी ते परत आले आणि म्हणाले, "हा माझा पाइप नाही." बाहेरून तोच होता, चांदीचा पट्टाही तोच. व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीने, मोजलं तेव्हा आतला व्यास 21 निघाला. त्यांच्याकडे त्याच आकाराचा, त्याच कारखान्याचा जोडीचा पाइप होता, तो 19. दोन मिलिमीटर लाकूड मी खाल्लं होतं आणि त्या माणसाने ते जिभेने ओळखलं. मी पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून केक काढताना सुरी हातात धरत नाही. रीमर, म्हणजे आतून गोल खरवडायचं अवजार, फिरवतो, दर दोन फेऱ्यांनी थांबून मोजतो आणि एक मिलिमीटरचा थर मुद्दाम ठेवतो. हा थर लाकडाला विस्तवापासून वाचवतो आणि थोडी ओल शोषतो. दीड मिलिमीटरच्या वर वाढू दिला तर तापल्यावर फुगून बाऊलला तडा देऊ शकतो.

खोलीचा परिणाम सोपा आहे: बाऊल जितका खोल, तितका धूर जास्त तंबाखूतून गाळून येतो आणि शेवट तितका जड. धूर जाण्याचं भोक मात्र जरूर बघा. ते बाऊलच्या अगदी तळाला उघडायला हवं. दोन-तीन मिलिमीटर वर असेल तर त्याखालची तंबाखू कधीच नीट जळत नाही, चिखलासारखी साचते आणि पुढच्या वेळी तिचाच आंबूस वास येतो. साडेतीन ते चार मिलिमीटरचं मोकळं भोक चांगलं. त्याहून बारीक असलं की गडी जोरात ओढतो, आणि जोरात ओढलं की काय होतं ते वर आलंच आहे.

मापाचा इतिहासही तंबाखूच्या किमतीशी बांधलेला आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये मातीचे पाइप निघाले तेव्हा तंबाखू महाग होती, त्यामुळे बाऊल करंगळीचं टोक जाईल एवढेच असत. तंबाखू स्वस्त होत गेली तसे बाऊल मोठे होत गेले. उत्खननात सापडलेल्या पाइपचा काळ पुरातत्त्वज्ञ बाऊलच्या आकारावरून सांगतात. हॅरिंग्टन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने तर 1954 मध्ये दाखवून दिलं की दांडीतलं भोक काळाबरोबर बारीक होत गेलं, आणि नुसत्या दांडीच्या तुकड्यांवरूनही काळ काढता येतो.

आता पाइप कशाचा, याकडे येऊ. मटेरियलला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. ते चवीत स्वतःचं काही घालत नसेल तर उत्तम. उष्णता आणि ओल सांभाळणं एवढंच त्याचं काम.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या किनारी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती कापून तासन्‌तास उकळतात, म्हणजे चीक आणि तुरटपणा निघून जातो, मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं वाळवतात. उकळणं किंवा वाळवणं अर्धवट राहिलं तर नवा पाइप पहिले दहा-पंधरा वेळा तुरट लागतो. तुमचे पाइप 50 वर्षं ओढलेले, तो प्रश्नच नाही. ब्रायरमध्ये दाट रेषा, उभे दाणे यांना लोक भरपूर पैसे मोजतात. दिसायला सुंदर असतात, मलाही आवडतात, पण चवीशी त्यांचा संबंध मला आजवर लागलेला नाही. भिंतीची जाडी मात्र कळते. पातळ भिंतीचा पाइप हाताला चटका देतो आणि तुम्हाला सावकाश ओढायला भाग पाडतो.

मीरशॉमचा अर्थ जर्मनमध्ये समुद्राचा फेस. त्यावरून आपल्याकडे एक गैरसमज फिरतो. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस म्हणजे माकूळ जातीच्या प्राण्याच्या पाठीतलं कवच, चुन्याचं. पाइपचा मीरशॉम हे खनिज आहे, मॅग्नेशियमचं सिलिकेट, मुख्यतः तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरजवळ जमिनीतून काढतात. इतकं सच्छिद्र आणि हलकं की कोरडा खडा पाण्यावर तरंगतो. ओल भराभर शोषतं, त्यामुळे शेवटचा भाग कोरडा राहतो, आणि आदल्या तंबाखूचा वास फार धरून ठेवत नाही. वर मेण चढवलेलं असतं. वर्षानुवर्षं ओढून ते पांढऱ्याचं मधासारखं, मग तपकिरी होतं. यात केक वाढू द्यायचा नसतो, आणि हातातून पडला की संपला. फरशीवर पडून दोन तुकडे झालेले मी इतके पाहिलेत की मोजणं सोडलंय.

एका रविवारी मी स्वतःवर प्रयोग केला. सारख्याच मापाचे तीन पाइप घेतले, ब्रायर, मीरशॉम आणि मक्याच्या कणसाचा. मित्राने एकाच डब्यातली तंबाखू तोलून तिन्हींत भरली, माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि बाऊल स्वतः धरले, म्हणजे वजनावरून ओळखायला नको. कणसाचा मी दुसऱ्या झुरक्याला ओळखला. ब्रायर आणि मीरशॉममध्ये अर्ध्यापर्यंत सपशेल फसलो. शेवटी मीरशॉम कोरडा राहिला, तेवढ्यावरून सांगता आलं. रोज हेच काम करणाऱ्या माणसाची ही गत, म्हणून तुम्हाला म्हणतो की सहा मिलिमीटरचा फरक जिभेला जितका कळेल तितका मटेरियलचा कळणार नाही.

कणसाचा पाइप का ओळखू आला? पावसाळ्यात चौपाटीवर कणीस भाजताना बुरकुंडाची कड जळते, तिचा जो गोडसर वास येतो तोच पहिल्या काही वेळा धुरात उतरतो. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात 1869 पासून हे पाइप बनतात. हेन्री टिबी या लाकूड कातणाऱ्या कारागिराने धंदा सुरू केला आणि बुरकुंडाला बाहेरून प्लास्टर लावून मजबुती आणण्याच्या युक्तीचं 1878 मध्ये पेटंट घेतलं. स्वस्त असतो, ओल चांगली शोषतो, नवी तंबाखू चाखून बघायला यासारखा पाइप नाही. तुम्हाला पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा.

मातीचा पाइप तंबाखूची चव सगळ्यात स्वच्छ दाखवतो, पण हात भाजतो. गावाकडची चिलीम मातीचीच, आणि तिथे जुन्या माणसांनी उष्णतेवर तोडगा काढलेला होता: तळाशी खडा, आणि तोंडाकडे ओल्या फडक्याची छापी. धूर त्या ओल्या छापीतून येताना गार होतो. नव्या माठातल्या पाण्याला मातीचा वास लागतो तसा नव्या मातीच्या पाइपलाही लागतो, आणि तसाच तो काही दिवसांत जातो.

रस्त्यावर पर्यटकांसाठी मिळणारे नक्षीचे शिसवी पाइप ओढायला घेऊ नका. आतपर्यंत व्हार्निश मारलेलं असतं, ते जळून थेट तुमच्या तोंडात येतं. शोभेला ठेवा.

मुंबईत राहून पाइप ओढणाऱ्याला परदेशी पुस्तकांतला एक सल्ला हमखास फसवतो: भरण्याआधी तंबाखू अर्धा तास कागदावर पसरून सुकवा. जानेवारीत ठीक. जुलैत आपल्याकडे हवेतच इतकी ओल असते की डब्यातून कोरडी काढलेली तंबाखू कागदावर आणखी ओली होते. पावसाळ्यात मी एका वेळेपुरती तंबाखू स्टीलच्या ताटलीत पातळ पसरतो आणि टेबल लॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली दहा-पंधरा मिनिटं ठेवतो. चिमटीत दाबून सोडली की गोळा न राहता सुटी व्हावी, पण चुरा होऊ नये. तुमचं पत्र ऑगस्टमधलं आहे आणि डबा उघडून महिना झालाय, तेव्हा चुरचुरीचा अर्धा भाग इथेच सुटेल असं मला वाटतं. ओली तंबाखू म्हणजे वाफ, आणि वाफेने भाजलेली जीभ चव घेत नाही. ओढून झालं की पाइप क्लीनरने पुसा आणि बंद कपाटात टाकू नका. आपल्या हवेत आठवड्यात आतून पांढरी बुरशी येते.

तोंडात धरायची काळी दांडी एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असेल. उजेडात आणि दमट हवेत ती शेवाळी-तपकिरी होते आणि जळक्या रबरासारखी कडू लागते. हा कडूपणा लोक बिचाऱ्या तंबाखूच्या माथी मारतात. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासला की काळी होते.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो, तुम्हालाही सांगतो. धूर छातीत ओढला नाही म्हणून पाइप निरुपद्रवी होत नाही. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा, फुप्फुसाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांनाही होतो. जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आला आणि दोन आठवड्यांत गेला नाही, तर पाइप बाजूला ठेवून डॉक्टरला दाखवा. तुम्हाला अजून सवय लागलेली नसेल, तर दोन्ही पाइप स्वच्छ करून काचेच्या कपाटात ठेवलेत तरी आजोबांची आठवण तेवढीच राहील. मला ते मनापासून आवडेल.

तरीही ओढायचंच ठरवलंत, तर व्हर्जिनिया अरुंद पाइपलाच ठेवा. रुंद पाइपचा जुना वास आधी काढा. बाऊलमध्ये कापूस भरा, त्यावर पिण्यालायक साधी व्होडका थेंब थेंब सोडून कापूस भिजवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तो चहासारखा तपकिरी निघेल. पांढरा निघेपर्यंत दोन-तीनदा करा, मग आठवडाभर वाळू द्या. डिनेचर्ड स्पिरिट वापरू नका, विषारी आहे. काही जण कापसाऐवजी खडेमीठ घालतात. मिठाने मानेला तडे गेलेले पाइप माझ्याकडे आलेत, म्हणून मी टाळतो. वाळल्यावर त्यात मिश्रण भरा, खाली सैल, वर जरा घट्ट. पहिली काडी सगळ्या पृष्ठभागावर गोल फिरवा, फुगलेली तंबाखू टॅम्परने, म्हणजे दाबायच्या छोट्या दट्ट्याने, हलकी दाबा आणि मग दुसरी काडी. त्यानंतर इतका सावकाश ओढा की बाऊल गालाला टेकवला तर सहन व्हावा.

दांडीवर आजोबांचे दात रुतल्याच्या खुणा आहेत आणि त्या घालवता येतील का, असंही तुम्ही विचारलंय. एबोनाइट असेल तर येतील. गरम पाण्याच्या वाफेवर धरलं की दबलेला भाग आपोआप वर येतो. पण एकदा वर आलेल्या खुणा पुन्हा आणता येत नाहीत, तेव्हा घरात आईला, आत्याला आधी विचारून घ्या.